नळीत न गोठणारं रक्त

"डोकं दुखतं ते रक्तात दिसतं का गं?"

सौदी अरेबियात, बुरैदा शहरातल्या एका खासगी इस्पितळात बायकांच्या विभागात मी रक्त घेते आणि मग आत जाऊन ते तपासतेही. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला अरबीत, उर्दूत, मल्याळी वळणाच्या हिंदीत आणि नुसत्या हातवाऱ्यांतही विचारला गेला आहे. एकदा एक नवी नवरी आली होती. नकाबाआडून हळूच म्हणाली, "रिपोर्टवर लिहून द्या की दुखतं. सासू मानत नाही." मी म्हटलं, बाई, दुखणं मोजायचं यंत्र अजून निघालं नाही. शेतावरून आलेली एक आजी तीन भरलेल्या नळ्या बघून चिडली. "दोन पुरे. तिसरी परत घाल," म्हणाली आणि हात पुढे करून बसून राहिली. तिची समजूत घालायला शेवटी सुनेला आत बोलवावं लागलं.

अशा गमती सांगायला घेतल्या तर पानं पुरायची नाहीत. पण दिवाळी अंकासाठी "कामातला लक्षात राहिलेला अनुभव लिहा" असा निरोप आला, तेव्हा यांतलं कुणीच डोळ्यांपुढे आलं नाही. मधुरा आली. तिला फोन करून मी विचारलं, लिहू का? काय काय लिहिणार ते तिने विचारून घेतलं. मग म्हणाली, "लिहा. नाव बदला." तसं बदललं आहे.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावची. आमच्याकडे पुरुष आखातात जातात आणि बायका मागे राहतात. माझं उलटं झालं. लॅबचा डिप्लोमा माझ्याकडे होता, व्हिसा मला मिळाला, मी आधी आले. नवरा वर्षभराने आला. त्याला इथल्या खजुराच्या एका मोठ्या गोदामात काम मिळालं. मुलगी अलिना इथेच वाढली. तिच्याशी मी मराठीत बोलते आणि ती मला हिंदीत उत्तर देते.

माझं काम भीतीचं आहे असं कुणाला वाटत नाही. ऑपरेशन थिएटर नाही, आरडाओरडा नाही. एका थंडगार खोलीत यंत्रं हलक्या आवाजात चालू असतात. पण इथे एक गोष्ट घडते जी बाहेर कुणाला कळत नाही. पडद्यावर आकडा येतो. शेजारी नाव असतं. ते नाव असलेली बाई त्या वेळी घरी भात टाकत असते, मुलांना शाळेतून आणत असते. तिच्याबद्दल जे तिला माहीत नाही ते मला माहीत असतं. ओळखीचं नाव असलं की मी ते दोनदा वाचते.

मधुरा पहिल्यांदा आली तेव्हा सुई टोचताना "आई गं" म्हणाली. माझ्या तोंडून आपोआप "झालं, झालं" निघालं. आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. ती नाशिकची. नवरा निलेश पाण्याच्या प्रकल्पावर इंजिनिअर, आणि ती इंडियन स्कूलमध्ये गणित शिकवायची. अलिनाच्याच वर्गाला. त्यानंतर ती मला सबिहाताई म्हणू लागली आणि मी तिला अगं-तुगं करू लागले. आमच्या घरी येऊन तांदळाची भाकरी खाऊन जायची. तिचं मराठी ऐकायला म्हणून माझा नवरा मुद्दाम बैठकीत येऊन बसायचा.

तिला अर्धशिशीचा त्रास होता. कॉलेजपासून.

"आधी दुखत नाही, ताई," ती सांगायची. "आधी दिसायचं जातं. पुस्तकातल्या ओळीतला मधला शब्दच नसतो. मग त्या जागी चमचमणारी रेघ येते, करवतीच्या दातांसारखी. ती हळूहळू कडेला पसरते आणि जाते. ती गेली की मग डोकं. एकच बाजू. उलटी होईपर्यंत."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"आई म्हणायची, पित्त आहे. आमसुलाचं पाणी पी."

अरबीत या दुखण्याला शकीका म्हणतात. शिक्क म्हणजे अर्धा भाग. आपल्या अर्धशिशीसारखंच. सख्ख्या बहिणीलाही इथे शकीकाच म्हणतात. मधुराला हे सांगितलं तेव्हा ती हसून म्हणाली, "माझी बहीण महिन्यातून दोनदा येते मग माहेरी."

ती माहेरपणं वाढायला लागली. एका परीक्षेच्या वेळी फळ्यावर लिहिताना तिला फळ्याचा अर्धा भाग दिसेना आणि उजवा हात मुंग्या येऊन जड झाला. तेव्हा मीच मागे लागून तिला आमच्या इस्पितळातल्या डॉक्टर हनान यांच्याकडे पाठवलं. त्या इजिप्तच्या, मेंदूविकारतज्ज्ञ. उंच, सावकाश बोलणाऱ्या, आणि उत्तर मिळेपर्यंत थांबणाऱ्या. निलेश बरोबर होता. डॉक्टरांनी सगळं विचारलं. घरात कुणाला पक्षाघात? सिगारेट? गर्भपात? दोन झाले होते, दोन्ही वेळा तिसरा महिना उलटल्यावर. औषधं कुठली चालू? मधुरा म्हणाली, "फक्त डोकेदुखीची गोळी, लागली तर."

मग रक्ताच्या तपासण्या लिहून आल्या, आणि त्या घेऊन ती माझ्यापुढे बसली.

बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून इथे थोडं सांगते. अर्धशिशी रक्तात दिसत नाही. पण रक्तवाहिन्यांची तब्येत थोडीफार दिसते. वाहिनीच्या आतल्या अस्तराला सूज आहे का, ते खरवडणारं काही रक्तात वाढलंय का, रक्त गरजेपेक्षा लवकर गोठायला बघतंय का, याच्या खुणा असतात. अर्धशिशीवाल्यांत, विशेषतः ज्यांना आधी ते उजेडाचे खेळ दिसतात त्यांच्यात, यांतल्या काही खुणा जरा वर असतात असं जाणकार म्हणतात. पण सगळ्यांत नाही, आणि वर असल्या म्हणजे पुढे काही होईलच असंही नाही. मी डॉक्टर हनानना एकदा विचारलं होतं, मग नेमकं खरं काय. त्या म्हणाल्या, "धागा आहे. पण तो ओढला तर दुसऱ्या टोकाला काय येईल हे कुणालाच सांगता येत नाही."

मधुराच्या बहुतेक खुणा किंचितच वर होत्या. त्यांनी मी घाबरले नाही. घाबरले ते निळ्या झाकणाच्या नळीने.

या नळीत रक्त गोठू नये म्हणून एक औषध असतं. यंत्रात आपण त्या रक्तातला पिवळसर द्रव घेतो, त्याला मुद्दाम गोठायला लावतो आणि किती वेळ लागतो ते मोजतो. आरपार उजेड जात असतो, गोठलं की उजेड अडतो, यंत्र थांबतं. मधुराचं रक्त वेळ उलटून गेली तरी गोठेना. मी पडद्यापुढे उभी राहून बघत होते. यंत्र थांबलं तेव्हा आकड्याशेजारी लाल खूण होती. तोच नमुना पुन्हा लावला. पुन्हा तेच.

कुणाला वाटेल, गोठत नाही म्हणजे चांगलंच की. गुठळी होणार नाही. मलाही शिकताना तसंच वाटलं होतं. पण एक असा प्रकार आहे ज्यात शरीर स्वतःच्याच विरुद्ध काही द्रव्यं तयार करतं. ती द्रव्यं काचेच्या नळीत रक्ताला गोठू देत नाहीत, आणि अंगात मात्र उलटं वागतात. तिथे गुठळ्या करतात. पायात, गर्भाच्या वारेत, मेंदूत. नळीत एक आणि माणसात दुसरं. दोन गर्भपात, तरुण वय, अर्धशिशी आणि न गोठणारी नळी. हे चारही एका बाईच्या नावावर होते.

नळी पूर्ण भरली नसेल तरी आकडा चुकतो. तसंच असू दे, असं मी मनात म्हणत होते. मीच भरली होती, रेघेपर्यंत, हे मला माहीत होतं. तरी नियमाप्रमाणे ताजा नमुना हवा होता. मी तिला दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावलं.

ईदची सुट्टी लागत होती. मधुरा एकटीच आत आली. बायकांच्या विभागात पुरुष येत नाहीत. निलेश खाली गाडीत होता, मागे सामान भरलेलं. दोघं तीन-चार तासांवरच्या हफ्र अल बातिनला त्याच्या मित्राकडे निघाली होती.

"काही बिघडलंय का, ताई?"

"एक नळी परत घ्यायचीय. कधी कधी घ्यावी लागते."

पट्टा बांधताना मी नेहमीचा प्रश्न विचारला. रक्त पातळ करायची गोळी? ॲस्पिरिन? आणखी काही?

ती दाराकडे बघत होती. मग खालच्या आवाजात म्हणाली, "एक घेते. पण ते औषध नाही. दिवस राहू नयेत म्हणून."

माझा हात थांबला. "डॉक्टरांना सांगितलंस?"

"निलेश शेजारी बसला होता." तिचे डोळे भरले. "त्याला मूल हवंय, ताई. मलाही हवंय. पण तिसऱ्यांदा तसं झालं तर मी नाही वाचणार. त्याला वाटतं आपण प्रयत्न करतोय. मी गोळ्या बांगड्यांच्या डब्यात ठेवते."

अशा गोळ्यांत जे संप्रेरक असतं त्याने गुठळीचा धोका वाढतो. ज्या बाईला अर्धशिशीआधी उजेड दिसतो तिला त्या गोळ्या शक्यतो देत नाहीत. हे मला कळत होतं, आणि या नव्या नळीत काय निघणार ते अजून कळायचं होतं.

"मधुरा, डॉक्टर वर आहेत. आत्ता चल. दोन मिनिटं."

"तो खाली थांबलाय. विचारेल इतका वेळ काय केलंस. ईदनंतर सांगते, शप्पथ."

"आजची गोळी घेऊ नकोस."

"सकाळीच घेतली," ती म्हणाली. नळी भरली तशी बाही खाली करून उठली. दारातून वळून मला म्हणाली, "तुम्ही कुणाला सांगू नका हं."

मी नमुना लावला. गोठेना. आता पुढची पायरी. यात आपण रुग्णाच्या द्रवात निरोगी माणसाचा द्रव अर्धा-अर्धा मिसळतो. रक्तात काही कमी असेल तर ते या मिसळण्याने भरून निघतं आणि नळी वेळेवर गोठते. पण आत काही आडवं येत असेल, तर निरोगी द्रवालाही ते गोठू देत नाही. यंत्र चालू होतं. मी दोन्ही हात टेबलावर टेकून उभी होते. मला आठवतं, मी त्या वेळी दुआ मागत होते की या बाईच्या रक्तात काहीतरी कमी असू दे. कुणासाठी कधी अशी दुआ मागितली नव्हती.

मिसळूनही गोठलं नाही.

मी कागद घेऊन जिना चढले. कुणाला सांगू नका, हे तिचे शब्द कानात होते. डॉक्टर हनान सुट्टीआधीचे शेवटचे रुग्ण बघत होत्या. मी कागद पुढे ठेवला आणि गोळ्यांचं सांगितलं. त्यांनी कागद एकदाच वाचला.

"कुठे आहे ती?"

"हफ्र अल बातिनच्या रस्त्यावर."

त्यांनी मधुराला फोन लावला. वाजत राहिला. फाइलवर दुसरा नंबर निलेशचा होता. तो लावला. डॉक्टर इंग्रजीत म्हणाल्या, तुमच्या पत्नीला आज परत घेऊन या. तो म्हणाला, आम्ही हायवेला लागलोय, दोन-तीन दिवसांनी येतो, चालेल ना? डॉक्टरांना त्याला कारण सांगता येत नव्हतं. त्या एक क्षण माझ्याकडे बघत राहिल्या आणि फोन माझ्या हातात दिला.

"निलेशभाऊ, सबिहा बोलतेय. गाडी वळवा."

"काय झालं ताई? रिपोर्ट वाईट आहे का?"

"वळवा आधी. मधुरा कशी आहे?"

"तिला आत्ताच ते सुरू झालंय, दिसायचं गेलंय. नेहमीचं पित्त. जरा झोपेल मग..."

"तिला फोन द्या."

खरखर झाली. मग तिचा श्वास ऐकू आला.

"मधुरा, काय होतंय तुला?"

"ताई," ती म्हणाली. स्पष्ट म्हणाली. मग थांबली. "ते सगळं... चमचा... मी चमच्यात... नाही. नाही."

मागे निलेशचा आवाज आला, "काय बोलतेस तू?" आणि त्याने गाडी कडेला घेतल्याचा आवाज. डॉक्टर हनान माझा चेहरा बघत होत्या. मी काय सांगितलं ते आठवत नाही. त्यांनी उठून पांढरा कोट घातला एवढं आठवतं.

ती येईपर्यंतचा वेळ मी तळमजल्यावर काचेच्या दारामागे उभी राहून काढला. बाहेर ऊन इतकं होतं की पार्किंगमधल्या गाड्या पांढऱ्या दिसत होत्या. प्रत्येक पांढरी गाडी मला निलेशची वाटत होती. अर्धशिशीतही कधी कधी जीभ अडखळते, हात बधिर होतो आणि तासाभरात सगळं ठीक होतं. मी स्वतःला तेच सांगत होते. फरक असा सांगतात, की अर्धशिशी सरकत सरकत येते आणि पक्षाघात एकदम. पण ज्या बाईला दोन्ही होऊ शकतं, तिला आत्ता कुठलं होतंय, हे बाहेरून बघून कोण सांगणार.

गाडी आली. मधुरा चालत आली, निलेशच्या खांद्याला धरून. तिचा उजवा पाय फरशीला घासत होता.

आत डॉक्टर तिच्याशी इंग्रजीत बोलू लागल्या. जी बाई दिवसभर इंग्रजीत गणित शिकवायची तिला इंग्रजीतलं काही कळेना. ती नुसती बघत राहिली. मग डॉक्टर मला म्हणाल्या, "तू विचार. तुझ्या भाषेत. ती जे बोलेल ते मला जसंच्या तसं सांग. सुधारून सांगू नकोस."

डॉक्टरांनी पेन वर धरलं.

"मधुरा, हे काय आहे?"

ती पेनाकडे बघत राहिली. ओठ हलले. "चमचा."

मी इंग्रजीत सांगितलं, स्पून म्हणतेय.

घड्याळ. "चमचा."

किल्ली. तिने डोळे मिटले, उघडले. तिला माहीत होतं की तो शब्द नाही. ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आत कुठेतरी ती बरोबर शब्द शोधत होती आणि हाताला पुन्हा पुन्हा तीच वस्तू लागत होती. "च," ती म्हणाली. थांबली. मग माझा हात धरून अगदी स्वच्छ, नेहमीच्या मराठीत म्हणाली, "मी बरोबर बोलतेय ना?"

निलेश भिंतीला टेकून उभा होता. तो म्हणत राहिला, "तिला उलटी झाली की बरं वाटेल. नेहमी उलटी झाली की बरं वाटतं."

डॉक्टरांनी विचारलं, "काय म्हणाली ती?"

मी सांगितलं.

त्यांनी मधुराच्या कपाळावर हात ठेवला आणि शेजारच्या नर्सला अरबीत भराभर सूचना दिल्या. बेड हलला. मी बाजूला झाले.

मेंदूच्या स्कॅनमध्ये डाव्या बाजूला छोटासा डाग निघाला. छोटा, असं सगळे म्हणत होते. वेळेवर आली, असंही. रियाधला पाठवलेल्या तपासण्यांनी तेच सांगितलं जे आमच्या नळीने सांगितलं होतं, आणि तीन महिन्यांनी पुन्हा केल्या तेव्हाही तेच. रक्त पातळ करायची गोळी सुरू झाली, बहुधा कायमची.

पण त्या दिवशी संध्याकाळी, ती वरच्या मजल्यावर असताना, डॉक्टर हनाननी निलेशला बसवून कुठल्या गोळ्या चालू होत्या ते सांगितलं. त्यांना सांगावंच लागलं. मधुराला बोलता येत नव्हतं आणि त्या गोळ्या घरातून आणून कुठल्या ते बघायचं होतं. मी लॅबकडे निघाले होते, तो माझ्यामागून व्हरांड्यात आला.

"कुठे ठेवल्यात म्हणाली?"

"बांगड्यांच्या डब्यात."

त्याने मान हलवली.  मग म्हणाला, "तुम्हाला सांगितलं तिने." आवाज चढला नव्हता. "मी शेजारी झोपतो, ताई. मी इतका वाईट आहे का?"

 मी त्याला पाणी आणून दिलं.

मधुराचे शब्द परत आले, पण एकदम नाही. मराठी आधी आलं, मग हिंदी, इंग्रजी सगळ्यांत शेवटी. आकडे आले नाहीत. म्हणजे आकडा दिसला की तिला कळायचा, पण तोंडाने दुसराच यायचा. सात लिहिलेलं बघून चार म्हणायची आणि चुकलं हे तिलाच आधी कळायचं. शाळेने सुट्टी वाढवून दिली, पुन्हा वाढवून दिली. मग तिनेच राजीनामा पाठवला.

रक्त पातळ करायच्या गोळीसाठी रक्त वारंवार तपासावं लागतं. कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. ती दर वेळी माझ्यापुढे येऊन बसायची, बाही वर करायची आणि खिडकीकडे बघायची. माझ्याशी बोलत नव्हती. मी पट्टा बांधायची, सुई घालायची, कापूस दाबून धरायला सांगायची. अनोळखी बाईशी बोलावं तसं. दुसऱ्या कुणाकडे जायला तिला मनाई नव्हती. तरी माझ्याकडेच यायची. ते मी मनाशी धरून होते. ती उठून गेली की मी आत जायची आणि आकडा येईपर्यंत हलायची नाही. तो आकडा बरोबर असला तरच त्या दिवशी मला जेवण जायचं.

एकदा कापूस दाबून बसलेली असताना ती बोलली. सावकाश, एकेक शब्द जागेवर ठेवत.

"तुम्ही सांगितलं म्हणून मी आहे. डॉक्टर म्हणाल्या. निलेश पण म्हणाला." ती थांबली. "पण तुम्ही सांगितलं म्हणून घरात... आता घरात ते..."

तिचा शब्द अडला. मला वाटतं मला तो माहीत होता. मी दिला नाही. तिने कापूस डब्यात टाकला, हात पुसला.

"तो चांगलाच वागतो," ती म्हणाली. "फार जपतो. सारखा विचारतो, आज काही लपवलं नाहीस ना?"

पुढच्या उन्हाळ्यात दोघं कायमची नाशिकला गेली. जाण्याआधी घरी येऊन गेली. मी तांदळाच्या भाकऱ्या केल्या. निलेशने तिच्या ताटात वाढलं, तिची गोळी तिच्या हातात ठेवली, तिने पाण्याबरोबर घेतली, तोंड उघडून दाखवलं. गंमत म्हणून दाखवलं असेल. कुणी हसलं नाही. अलिनाने तिला मिठी मारली आणि इंग्रजीत म्हणाली, मिस, तुमच्यासारखं कुणी शिकवत नाही.

इथे हा अनुभव संपायला हवा होता. इतके दिवस मी हेच सांगत आले की मला भीती वाटली ती त्या रस्त्यावरच्या फोनची आणि त्या चमच्याची. पण यंदाच्या हिवाळ्यात एका शुक्रवारी दुपारी अलिना अभ्यासाच्या टेबलावरून उठून स्वयंपाकघरात आली. चौदा वर्षांची आहे. डोळे चोळत म्हणाली, "अम्मी, आधा पेज ग़ायब है. और कुछ चमक रहा है."

मी गॅस बंद केला.

मी तिला बसवलं. विचारलं, हे काय आहे? कांदा दाखवला, डबा दाखवला, दिवा दाखवला. ती प्रत्येकाचं नाव बरोबर सांगत गेली आणि माझ्याकडे अधिकाधिक घाबरून बघत गेली. थोड्या वेळाने चमक गेली, डोकं दुखलं, ती अंधार करून झोपली, उठली तेव्हा भूक लागली होती. मी मात्र रात्रभर तिच्या पायथ्याशी बसून राहिले. नवरा म्हणाला, "सबिहा, तुझ्या आईलाही अर्धशिशी होती. ती सत्तरीपार जगली." मला ते ऐकू येत होतं, आत जात नव्हतं.

डॉक्टर हनाननी तिला नीट तपासलं, नाना प्रश्न विचारले, चालवून बघितलं. म्हणाल्या, "शकीका आहे. या वयात कितीतरी मुलींना सुरू होते. झोप, जेवण, पाणी वेळेवर. बाकी काही नाही."

"रक्त?" मी म्हटलं.

"काही गरज दिसत नाही. सगळ्या डोकेदुखीवाल्यांचं रक्त असं खणायला लागलो तर कुणाचं ना कुणाचं काही ना काही थोडं वर सापडेलच. मग त्याचं तू काय करशील?" आणि मग, हळू, "सबिहा, ही मधुरा नाही."

मला पटलं. डोक्याला पटलं. पण हात माझे आहेत, नळ्या माझ्या ताब्यात, यंत्र माझ्या खोलीत. निळ्या झाकणाची एक नळी भरायला कितीसा वेळ लागतो. एका दुपारी विभाग रिकामा असताना मी अलिनाला शाळेतून थेट तिथे घेऊन गेले. डॉक्टरांना विचारलं नाही. तिला म्हटलं, छोटीशी टेस्ट आहे. ती खुर्चीत बसली. तिचा दंड किती बारीक आहे ते पट्टा बांधताना कळलं. शीर लगेच वर आली, निळी, सरळ. सुईचं टोपण काढलं.

"अम्मी."

"काय गं?"

"रिपोर्ट अच्छी आई, तो आप मुझे ऐसे देखना बंद करोगी?"

मी विचारलं, कशी बघते?  हात तसाच पुढे ठेवून ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, आणि तिला जे दिसत होतं ते मलाही दिसलं. नळी चांगली निघाली तर मी पुढच्या महिन्यात दुसरी भरणार होते. ती चांगली निघाली तर तिसरी. आणि दर वेळी तिला अशीच बघणार होते, जसा निलेश मधुराला बघायचा, पाण्याचा घोट गिळेपर्यंत.

मी टोपण परत लावलं. पट्टा सोडला. तिच्या दंडावर लाल वळ उठला होता. तो जाईपर्यंत मी अंगठ्याने चोळत राहिले. मग आम्ही घरी आलो.

त्यानंतर तिला दोनदा तसं झालं आहे. दोन्ही वेळा गेलं. मी वस्तू दाखवून नावं विचारत नाही. दिवा मालवते, ओला रुमाल देते आणि बाहेर येऊन बसते. आत्ता हे लिहिते आहे तेव्हा ती पलीकडच्या खोलीत परीक्षेचा अभ्यास करते आहे. मधूनमधून पान उलटल्याचा आवाज येतो. बराच वेळ आला नाही की माझा हात थांबतो. पुन्हा आला की मी पुढचा शब्द लिहिते.